पोटाची भूक आणि देवाची योजना : ओंगोल, १८७८

३ जुलै १८७८ या दिवशी मद्रास इलाख्यातल्या ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदीच्या पात्रात २,२२२ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. जवळजवळ सगळे मादिगा होते, म्हणजे मेलेली गुरे ओढणारे, कातडी कमावणारे, गावकुसाबाहेर राहणारे तेलुगू अस्पृश्य. त्याआधीची दोन वर्षे त्या मुलखाने शतकातला एक अत्यंत भीषण दुष्काळ सोसला होता. बातमी अमेरिकेत पोहोचली तेव्हा तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांना पेंटेकॉस्टचा दिवस आठवला. बायबलच्या सांगण्यानुसार त्या दिवशी यरुशलेमात सुमारे तीन हजार लोक शिष्यांना येऊन मिळाले होते. आता तेच तेलुगू देशात घडले, ही देवाचीच करणी, असे त्यांना वाटले. संशय घेणारेही होते, आणि त्यांचा हिशेब सोपा होता. लोक उपाशी होते, मिशनऱ्याच्या हातात मजुरी आणि मदतीचा पैसा होता, तेव्हा ते पोटासाठी बाटले.

दोन्ही निकाल एका दिवसाकडे पाहून दिलेले आहेत. त्या दिवसामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. त्यात सरकारचे हेतू आहेत, मिशनचे आहेत, गावच्या पुढाऱ्यांचे आहेत आणि मादिगांचे तर आहेतच. मात्र हेतूचा जाब प्रत्येक वेळी विचारला गेला तो शेवटच्यांनाच.

अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन १८३६ मध्ये सॅम्युअल डे यांनी सुरू केले. १८४० मध्ये त्यांनी नेल्लोरला ठाणे केले. त्यानंतरची दोन दशके जवळपास कोरडी गेली. शेजारच्या ब्रह्मदेशात याच संस्थेच्या कामाला करेन लोकांत भरघोस प्रतिसाद मिळत असताना नेल्लोरवर खर्च कशाला करायचा, असा प्रश्न अमेरिकेत पुन्हा पुन्हा निघे. १८५३ मध्ये आल्बनी इथल्या वार्षिक सभेत मिशन बंद करण्याचा विषय आला. नकाशावर नेल्लोरची खूण एकाकी ताऱ्यासारखी दिसते, असा उल्लेख चर्चेत झाला आणि कवी सॅम्युअल फ्रान्सिस स्मिथ यांनी त्या रात्री त्यावर कविता लिहिली. दुसऱ्या दिवशी ती वाचून दाखवली गेली आणि सभेचा सूर पालटला. मिशन वाचले आणि ‘लोन स्टार’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. हिशेबाच्या वहीने मोडीत काढलेले काम एका कवितेने तारले. भाविकांनी यात देवाचा हात पाहिला. भावनेला हात घातला की देणगीदाराची थैली सैल होते, हा व्यवहारही त्यात आहेच.

त्या वेळी नेल्लोरला असलेले लायमन ज्युएट हट्टी गृहस्थ होते. १ जानेवारी १८५४ च्या पहाटे ते, त्यांची पत्नी आणि तीन तेलुगू ख्रिस्ती ओंगोलबाहेरच्या टेकडीवर चढले आणि या गावासाठी मिशनरी मिळावा म्हणून त्यांनी प्रार्थना केली. १८६२ मध्ये ज्युएट आजारपणामुळे अमेरिकेत गेले असताना मिशन बंद करण्याची भाषा पुन्हा निघाली. तुम्ही पाठवा वा न पाठवा, मी एकटा परत जाईन आणि तिथेच मरेन, असे त्यांनी बजावले. मग निदान मूठमाती द्यायला तरी कोणी सोबत हवे, या अर्थाचे उत्तर चिटणीसांनी दिल्याची आठवण मिशनच्या इतिहासात जपलेली आहे. ते ‘कोणी’ म्हणजे जॉन एव्हरेट क्लफ.

क्लफ यांचा जन्म १८३६ चा. धर्मकार्यात पडण्यापूर्वी त्यांनी मिनेसोटाच्या ओसाड प्रदेशात सरकारी भूमापनाचे काम केले होते. साखळी, दुर्बीण, नकाशे आणि मजुरांच्या टोळ्या यांची त्यांना सवय होती. १८६५ मध्ये ते नेल्लोरला उतरले तेव्हा हे कसब पुढे उपयोगी पडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १८६६ मध्ये त्यांनी ओंगोलला बिऱ्हाड केले.

पण चळवळीचे मूळ क्लफ यांच्यात शोधणे चुकीचे ठरेल. ते येर्रगुंटला पेरय्या यांच्यात आहे. पेरय्या मादिगा होते आणि कातड्याच्या व्यापारासाठी दूरवर हिंडत. लिहिता-वाचता येत नव्हते, पण अध्यात्माची ओढ जबर होती. एका स्त्री गुरूकडून त्यांनी योगमार्गाची दीक्षा घेतली होती आणि त्यांचेही शिष्य होते. जातीपातीला न मानणाऱ्या संतपरंपरांचे पाणी त्या भागातल्या मादिगवाड्यांत आधीच मुरलेले होते. व्यापाराच्या फेरीत उत्तरेकडे नव्या धर्माची वार्ता कानी आली, ती मनात घर करून राहिली, आणि १८६६ मध्ये पेरय्या व त्यांची पत्नी नागम्मा यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ना दुष्काळ होता, ना मिशनकडे वाटायला काही होते. जो माणूस आयुष्यभर शोधात होता त्याने शोधाचे एक पाऊल पुढे टाकले, एवढेच तेव्हाच्या घटनेवरून म्हणता येते.

पेरय्या स्वस्थ बसले नाहीत. सोयरेधायरे, गिऱ्हाईक, जुने शिष्य अशा नात्यांच्या वाटेने ते गावोगाव फिरले. जानेवारी १८६७ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून क्लफ ताल्लाकोंडपाडूला गेले, तेव्हा आसपासच्या वाड्यांतून लोक शिदोरी आणि पालटायचे कपडे बांधून आलेले होते. काही दिवस राहायचे, ऐकायचे आणि बाप्तिस्मा घेऊनच परतायचे, अशा तयारीने. पाच दिवसांच्या शिकवणीनंतर २८ जणांना बाप्तिस्मा मिळाला.

नव्या मंडळीला तीन नियम होते. रविवारी काम करायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, मूर्तिपूजा करायची नाही. कागदावर हे नियम साधे दिसतात. गावगाड्यात त्यांचा अर्थ फार मोठा होता. मादिगाने मोटेची चामडी आणि जोडे पुरवायचे, मेलेले ढोर ओढायचे, जत्रेत देवीपुढे डफ वाजवायचा आणि बोलावणे येईल त्या दिवशी राबायचे, ही व्यवस्था होती. बलुतेदारी जाणणाऱ्या मराठी वाचकाला ती वेगळी समजावून सांगायला नको. डफ वाजवणार नाही, असे मादिगा म्हणाला की जत्राच अडते. रविवारी येणार नाही म्हणाला की सुगी अडते. गावाने आपल्या परीने उत्तर दिले. पाणी तोडले, धोबी-कुंभार बंद केले, खोट्या फिर्यादी घातल्या, मारहाण केली. ही चळवळीची पहिली चाळणी, आणि ती गावानेच लावली. लाभाच्या आशेने आलेला माणूस तिच्यात टिकला नसता. अर्थात जे टिकले त्यांना काहीच मिळत नव्हते असेही नाही. आपली बाजू घेऊन कलेक्टरापर्यंत जाणारा गोरा माणूस, मुलांना शाळा आणि नावाने मारलेली हाक, हे त्यांना मिळत होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या यातले काहीच मिळाले नाही त्याला यात देव दिसला, तर त्याच्या मनातला कोणता भाग धार्मिक आणि कोणता ऐहिक, हे कोण ठरवणार?

याच काळात क्लफ यांच्यापुढे एक पेच आला. ओंगोलमधल्या काही वरच्या जातीच्या लोकांनी नव्या धर्मात रस दाखवला, पण अट घातली की मादिगांना घेऊ नका. आधी वरचे आले की खालचे आपोआप येतील, हा अनेक मिशनऱ्यांचा आडाखा होता आणि क्लफ यांनाही मोह झाला. त्यांनी स्वतः लिहिल्याप्रमाणे, खिन्न मनाने त्यांनी खोलीतले बायबल उघडले, तर समोर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला पहिल्या अध्यायाचा शेवट आला. जगाने तुच्छ मानलेल्यांना देवाने निवडले, असे सांगणारा तो भाग. थोड्या वेळाने पत्नी हॅरिएट भेटल्या. त्यांनीही दुसऱ्या खोलीत दुसरी प्रत उघडली होती आणि त्यांच्यापुढेही तोच भाग आला होता. क्लफ यांनी याला देवाचा इशारा मानले. योगायोग म्हणा वा संकेत, निर्णय मात्र पक्का झाला. वरच्या जातींची मुले मिशनच्या शाळेतून निघून गेली आणि वाट मादिगवाड्याकडे वळली. १८७६ पर्यंत ओंगोलच्या मंडळीत सुमारे तीन हजार सभासद झाले होते. दुष्काळ त्यानंतरचा आहे. ‘पोटासाठी बाटले’ म्हणणाऱ्यांना हा क्रम सहसा आठवत नाही.

१८७६ चा पाऊस दक्षिणेत हुकला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आपल्याकडे सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांवर संकट कोसळले. धान्य देशात नव्हते असे नाही. ते बंदरांतून बाहेरही जात होते. पण भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केले, आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना मद्रासच्या मदतकार्याचा खर्च आटोक्यात आणायला पाठवले. टेंपल यांचा हेतू समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १८७४ च्या बिहार दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून फारसे मृत्यू होऊ दिले नव्हते. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. आता तो पुसून काढायचा होता. त्यांनी मदतकामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, असे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश सांगत राहिले. मुंबई इलाख्यात या मजुरीविरुद्ध हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्यांची बाजू लावून धरली. कमी मजुरी, अवजड काम आणि घरापासून लांब छावण्या यांमागे सरकारी तर्क असा होता की खरा गरजू असेल तोच येईल, फुकट्या गळेल. भुकेची ही सरकारी चाळणी. दुष्काळ आयोगाच्या अंदाजानुसारच ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली.

ओंगोल भागात बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी मदत म्हणून काढण्यात आले. मादिगा तिथे गेले तर मुकादम वरच्या जातींचे. शिवीगाळ, मोजमापात खोट, मजुरीत कात्री. लोक क्लफ यांच्याकडे आले. जुना भूमापक जागा झाला. क्लफ यांनी कालव्याचा सुमारे साडेतीन मैलांचा टप्पा स्वतःच्या ठेक्यावर घेतला, राजुपालेम इथे छावणी टाकली, विहिरी खणल्या, झोपड्या उभारल्या. मुकादम म्हणून मिशनचे तेलुगू उपदेशक नेमले आणि प्रत्येकाच्या हाताखाली शंभरेक माणसे दिली. लोक येत, काही आठवडे माती उपसत, मजुरी घेऊन गावी जात आणि त्यांच्या जागी नवे येत. काम पाठोपाठ नवनव्या गावांतल्या माणसांना मिळत गेले.

दुपारच्या विसाव्यात उपदेशक टोपल्या बाजूला ठेवून मजुरांमध्ये बसत. बोलणे बहुधा एकाच वचनाभोवती फिरे. थकल्याभागल्यांना, ओझ्याने वाकलेल्यांना ख्रिस्त आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देतो, असे सांगणारे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन. डोक्यावर मातीची टोपली वाहणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. इथे मदत आणि प्रचार वेगळे नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. मुकादम आणि उपदेशक एकच होता. ज्याच्या हातून मजुरी मिळते त्याच्याच तोंडून देवाचे नाव ऐकू येते, तेव्हा ऐकणाऱ्याचे मन पूर्ण मोकळे असते, असा दावा कोणालाही करता येणार नाही. पण त्याच कालव्यावर इतरत्र शिव्या मिळत होत्या आणि इथे मिळत नव्हत्या, हा फरकही मजुरांनी स्वतः अनुभवला होता. त्यांच्या लेखी हाच नव्या धर्माचा पहिला पुरावा होता.

क्लफ यांना धोका कळत होता. त्यांनी आपली चाळणी लावली. मदतकार्य चालू असेतो कोणालाही बाप्तिस्मा द्यायचा नाही. सुमारे पंधरा महिने ओंगोलमध्ये बाप्तिस्मे बंद राहिले. दरम्यान मागणी करणाऱ्यांची रीघ वाढत गेली. दुष्काळ ओसरू लागल्यावर, जून १८७८ मध्ये, क्लफ यांनी ख्रिस्ती लोकांना गुंडलकम्माकाठच्या वेलमपल्लीला बोलावले. बाप्तिस्मा न झालेले लोकही हजारोंनी आले. आता मदत संपली, माझ्याकडे देण्यासारखे काही नाही, असे क्लफ यांनी त्यांना सांगितले. आम्ही मागायला आलो नाही, हातांनी काम करून जगू, मरायचे असेल तर ख्रिस्ती म्हणून मरू, या आशयाचे उत्तर मिळाल्याचे ते लिहितात. हे सारे क्लफ यांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले आहे, आणि आपल्या कृतीचे समर्थन करायची त्यांना गरज होती, हे विसरून चालत नाही. तरी पंधरा महिन्यांची बंदी ही केवळ नंतरची सारवासारव नव्हती. ज्या काळात भुकेल्याला वश करणे सर्वांत सोपे होते, नेमक्या त्याच काळात दार बंद होते.

दार उघडले तेव्हा लोंढा आला. २ जुलैला ६१४, ३ जुलैला २,२२२, ४ जुलैला ७०० असे तीन दिवसांत ३,५३६ बाप्तिस्मे झाले. ३ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास सुरुवात झाली, भर दुपारी विश्रांती घेतली आणि संध्याकाळच्या आत काम आटोपले. नावे आधी नोंदवली जात. ज्या त्या गावचा उपदेशक आपल्या माणसांना ओळखून पुढे पाठवी. पाण्यात एका वेळी दोनच उपदेशक उभे असत. ते थकले की दुसरे दोघे उतरत. असे सहा जण आलटून पालटून उभे राहिले, आणि ते सगळे तेलुगू होते. गोऱ्या मिशनऱ्याने त्या दिवशी कोणालाही बाप्तिस्मा दिला नाही. साधा हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच मिनिट येतो. टीकाकारांना यात घाई दिसते. पण ज्याला आयुष्यात कोणी शिवले नाही, त्याला भर नदीत, घाटावर, लोकांदेखत हाताला धरून पाण्यात नेणे आणि नाव घेऊन बाहेर काढणे, याला लागणारा वेळ घड्याळात मोजता येत नाही.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आकडा ९,६०६ वर गेला. अवघ्या तीन महिन्यांत मंडळी चौपट झाली. १८८३ च्या सुमारास सभासद वीस हजारांच्या वर होते आणि ओंगोलचा उल्लेख जगातली सर्वांत मोठी बाप्टिस्ट मंडळी म्हणून होऊ लागला. बंद पडता पडता वाचलेल्या मिशनकडे आता अमेरिकेतून माणसे आणि पैसा येऊ लागला. यशाचा वास लागला की हात सैल होतात, हाही मानवी हेतूच. रामपट्टणमच्या पाठशाळेत उपदेशक घडत गेले, मादिगवाड्यांत शाळा निघाल्या. एके काळी ज्यांना अक्षर पाहणेही दुर्लभ होते त्यांच्या घरांतून शिक्षक आणि परिचारिका निघाल्या. पण सगळेच बदलले नाही. चळवळ मादिगांच्या नात्यागोत्यांतून पसरली, म्हणून मंडळीही मादिगांचीच राहिली. माला हा तेलुगू अस्पृश्यांतला दुसरा समाज बव्हंशी दुसऱ्या मिशनांकडे गेला. जात पुसण्याची ग्वाही देणाऱ्या धर्मात जातीच्या सीमा टिकून राहिल्या.

क्लफ १९१० मध्ये वारले. त्यांची कहाणी १९१४ मध्ये त्यांच्या दुसऱ्या पत्नी एमा राउशेनबुश-क्लफ यांच्या हातून पुस्तकरूपाने आली. एमा या अमेरिकेतल्या सामाजिक सुवार्तेच्या विचाराचे अध्वर्यू वॉल्टर राउशेनबुश यांच्या भगिनी. साहजिकच पुस्तकाचा रोख असा की माणसाचा आत्मा आणि माणसाचे पोट वेगळे काढता येत नाही, आणि गावकी-भावकीने एकत्र घेतलेला निर्णयही खरा निर्णय असतो. एकेकट्याच्या अंतःकरणाचा पालट हाच खरा पालट, असे मानणाऱ्या बाप्टिस्ट परंपरेत ही भूमिका सहज पचणारी नव्हती.

हेतूचा प्रश्न मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न १९३३ मध्ये झाला. मेथडिस्ट मिशनरी वॉस्कम पिकेट यांनी भारतातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे चार हजार ख्रिस्ती लोकांना, तुम्ही का आलात, असे विचारले होते. ३४.८ टक्क्यांची उत्तरे आध्यात्मिक गटात बसली, २२.४ टक्क्यांची सामाजिक गटात, आणि निव्वळ ऐहिक लाभाची फक्त ८.१ टक्के. उरलेले ख्रिस्ती घरात जन्मलेले होते. आकड्यांपेक्षा पिकेट यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. माणूस कोणत्या हेतूने आला यापेक्षा आल्यानंतर त्याला काय शिकवले, कसे वागवले, यावर तो कसा ख्रिस्ती होतो हे अधिक अवलंबून असते. मिशनच्या माणसाने मिशनची केलेली ही पाहणी, म्हणून ती सावधपणेच वाचायला हवी. पण तिच्यातून जबाबदारी येणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते.

याच वर्षांत महाराष्ट्रात हा प्रश्न ऐरणीवर आला होता. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि अस्पृश्यांचे धर्मांतर खऱ्या श्रद्धेपोटी नाही, असा आक्षेप लगेच आला. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्यांनी त्याला उत्तर दिले आहे. राजांच्या आज्ञेने, फसवणुकीने, लाभासाठी अशी धर्मांतरे इतिहासात भरपूर झाली आणि बहुतेकांचा धर्म तर वडिलोपार्जित मालमत्तेसारखा चालत येतो. मग शुद्ध हेतूचा दाखला फक्त अस्पृश्यांकडेच का मागायचा, हा त्यांचा मुद्दा. मिशनांच्या कामावर आणि ख्रिस्ती झालेल्यांच्या उदासीनतेवरही त्यांनी तितकीच कठोर टीका केली, म्हणून त्यांचे हे म्हणणे मिशनची वकिली ठरत नाही.

दाखला मागणे स्वातंत्र्यानंतरही थांबले नाही. ओडिशात १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशात १९६८ मध्ये प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे आले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले मात्र बाहेरच राहिले. म्हणजे आज ओंगोलच्या मादिगाने स्वतःला कागदोपत्री ख्रिस्ती म्हणवले तर अनुसूचित जातीचे त्याचे हक्क जातात. तरीही तिथल्या मंडळ्या भरलेल्या आहेत. १८७८ मध्ये देवाची योजना काय होती, हे श्रद्धावानाने आपल्या श्रद्धेने ठरवावे. इतिहासाला दिसते ते एवढेच की मादिगांनी या निवडीची किंमत दुष्काळाआधी गावाला मोजून दिली, आणि दुष्काळाची आठवण पुसल्यावर सरकारला.